खतापासून धान्यापर्यंत : अळिंबीच्या बियाण्याचा प्रवास

अळिंबीचे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की ते थेट पेरून पीक घेणे शेतकऱ्याला शक्य होत नाही. म्हणून बुरशीचे पांढरे तंतुजाल एखाद्या माध्यमावर आधी वाढवून घ्यावे लागते, आणि तंतुजालाने व्यापलेले ते माध्यमच बियाणे, म्हणजे स्पॉन, म्हणून वापरले जाते. पॅरिसच्या परिसरातील बटण अळिंबीचे जुने उत्पादक तंतुजाल धरलेले घोड्याच्या लिदीचे खत एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात नेत आणि त्याबरोबर रोगकिडीही नेत. १८९४ साली पाश्चर संस्थेत कोस्तांतँ आणि मात्रुशो यांनी बीजाणू रुजवून शुद्ध बियाणे तयार केले, तरी ते वाढवण्याचे माध्यम खतच राहिले.

ही चौकट अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स सिंडेन यांनी मोडली. शिजवून निर्जंतुक केलेल्या धान्यावर तंतुजाल वाढवण्याच्या त्यांच्या पद्धतीला १९३२ साली पेटंट मिळाले. बदल साधा दिसतो, पण त्याचे मोल फार मोठे आहे, कारण खताचा गोळा फोडून लावला तर वाढ मोजक्या ठिकाणांहूनच सुरू होते, उलट धान्याचा प्रत्येक दाणा स्वतःपुरता अन्नसाठा घेऊन वाढीचे स्वतंत्र केंद्र बनतो. दाणा मात्र शिजावा, पण फुटू नये, कारण फुटलेल्या दाण्यातील पिठूळ स्टार्चमुळे दाण्यांचे गोळे होतात आणि त्यांत जिवाणू माजतात. म्हणूनच निथळलेल्या धान्यात जिप्सम मिसळून दाणे सुटे राखण्याची आणि चुनखडीच्या भुकटीने आम्लता सांभाळण्याची रीत पुढे रूढ झाली.

धिंगरी अळिंबीची लागवड मात्र लाकडावर सुरू झाली. जर्मनीत फाल्क यांनी १९१७ साली तिची नोंद केली. भारतात म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ साली ती भाताच्या पेंढ्यावर घेतली, आणि १९७४ साली जंदैक व कपूर यांच्या कामाने तिच्या प्रसाराला वेग आला. पेंढा, काड, पाचट असे जे हाताशी असेल त्यावर ती वाढते, हे तिचे वैशिष्ट्य वारंवार सांगितले जाते. परंतु बियाण्याचा दाणाही जागेप्रमाणे बदलता आला, ही गोष्ट तिच्या प्रसाराच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची मानली पाहिजे. उत्तर भारतात गहू, तर महाराष्ट्रात गव्हाबरोबरच ज्वारीही वापरली जाते. बाजरीचा दाणा बारीक असल्याने तेवढ्याच वजनात वाढीची केंद्रे अधिक मिळतात, मात्र प्रत्येक दाण्यातील अन्नसाठा कमी असतो. ज्वारीचा गोल, मध्यम दाणा या दोन्ही गरजांचा मेळ घालतो.

धान्य बदलले तरी शिस्त सैल करता येत नाही. धान्य दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करताना कसर राहिली, तर अळिंबीच्या तंतुजालाआधी ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी बियाण्याच्या पिशवीचा ताबा घेते. शिवाय तयार बियाणे उष्णतेत लवकर जुने होते, त्यामुळे उन्हाळ्यात प्रयोगशाळा आणि शेतघर यांतील अंतरही पिकाच्या यशापयशात भाग घेते.