लूना आणि नगरचा कारखाना

परदेशी प्रकल्पावर काम करण्यासाठी अभियंत्याला परदेश गाठावाच लागतो, हा समज अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) बाबतीत पुरता खरा नाही. कारण फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेली आणि नगरच्या कारखान्यात घडलेली लूना ही इटलीच्या पियाज्यो कंपनीच्या ‘चाओ’ मोपेडवर, म्हणजे पायडल आणि इंजिन दोन्हींवर चालणाऱ्या हलक्या दुचाकीवर बेतलेली होती. नावही इटालियनच, अर्थ मात्र आपला चंद्र! तिच्या ५० सीसी टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे वेगळे तेल नसे, ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. चाओ प्रामुख्याने एकट्या स्वारासाठी असली, तरी इकडे मागे दुसरा माणूस आणि हँडलला पिशव्या हे गृहीतच असल्याने परक्या आराखड्याला इथल्या ओझ्याशी जुळवून घेणे भाग होते.