पडदा काळा, गेम चालू

व्हिडिओ गेममधून व्हिडिओच काढून टाकला तर उरेल काय? १९९७ साली केन्जी ईनो या जपानी दिग्दर्शकाने हे खरंच करून पाहिलं. सेगा सॅटर्नवरच्या त्याच्या 'रिअल साऊंड: काझे नो रिग्रेट'मध्ये पडदा काळा राहतो. संवाद, संगीत, भोवतालचे आवाज ऐकायचे आणि वेळ आली की बटण दाबून गोष्टीला वळण द्यायचं.

ईनो संगीतकारही होता. १९९५च्या 'डी' या भयकथेचं दिग्दर्शन त्याचं आणि संगीतही त्याचंच. पुढच्या वर्षीच्या 'एनिमी झीरो'चं संगीत त्याने मायकल नायमनकडून करून घेतलं. पण त्यातले शत्रू अदृश्य. आवाजाच्या पट्टीवरून ते किती जवळ आलेत हे ओळखायचं, नाहीतर मेलात!

अंध माणसंही केवळ आवाजावर वाट काढत गेम खेळतात, हे ईनोला त्यांच्याचकडून कळलं. मग त्याने सेगाला अट घातली, असं त्यानेच पुढे मुलाखतीत सांगितलं: गेम फक्त तुमच्यासाठी बनवतो, पण एक हजार सॅटर्न अंधांना द्या. सोबत ब्रेलमधली माहितीपुस्तिका होती.

याला मी दानधर्म म्हणणार नाही. अंधांसाठी वेगळी, सोपी आवृत्ती त्याने काढली नाही. डोळस खेळाडूला त्याने त्याच काळ्या पडद्यासमोर बसवलं.

ईनो २०१३मध्ये गेला, अवघ्या ४२व्या वर्षी. १९९९मध्ये हाच गेम ड्रीमकास्टवर आला, तेव्हा त्यात चित्रांची सोय होती. मी ती बंदच ठेवली असती.