ठसा आधी कुणाचा घेतला?

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातली पोरं आज बोट टेकवून मोबाईल उघडतात. सोयीचं आहे, मान्य. पण आमच्या भटक्या-विमुक्त भावंडांचे ठसे सरकारने त्यांच्या सोयीसाठी घेतले नव्हते. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदलेल्या पारध्या-कैकाड्यांचे ठसे सक्तीने घेता येत. गुन्हा सिद्ध व्हायची गरजच नव्हती, जन्म पुरेसा होता! हा कायदा गेला १९५२ साली.

संविधानाचं कलम २०(३) सांगतं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. मग १९६१ साली ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरवलं, ठसा देणं ही साक्ष नव्हे. डोक्यातलं वदवून घेणं वेगळं, अंगावरचं घेणं वेगळं. २०२२ च्या नव्या कायद्याने तर नुसती अटक झालेल्याचेही ठसे, डोळ्यांचे स्कॅन घेता येतात आणि नोंद ७५ वर्षं राहते.

फोनमध्ये आपले मोर्चाचे ग्रुप असतात, साथींचे नंबर असतात. म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो, मोर्चाला निघताना बोटाचं नि चेहऱ्याचं लॉक बंद करा, पिन ठेवा. पिन वदवून घेता येते का, हा वाद कोर्टांत अजून चालू आहे. ठसा घेण्याचा वाद मात्र १९६१ सालीच मिटवला गेला.