गीझर लावताच वीज का जाते?

गीझर सुरू करताच घरातील वीज जाते, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. अशा वेळी एमसीबी पडला आहे की आरसीसीबी, हे प्रथम पाहावे. जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास एमसीबी पडतो. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच तारेवर दुसरे मोठे उपकरण असल्यास भार वाढतो. आरसीसीबी मात्र वीज जमिनीकडे झिरपू लागली की पडतो. घरगुती आरसीसीबीची मर्यादा सहसा ३० मिलिअँपिअर असते.

गीझरमधील गळतीचे मूळ बहुधा हीटिंग एलिमेंटमध्ये असते. जड पाण्यातील क्षारांचा थर साचून एलिमेंटची नळी अति तापते, तिला चीर पडते आणि पाणी आत शिरते. ही चीर पुष्कळदा तापल्यावरच रुंदावते. त्यामुळे गीझर काही मिनिटे चालल्यानंतर वीज जाते.

दोष शोधताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. ते फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मेन स्विच बंद करून कोरड्या हातांनी प्लग काढावा. त्यानंतर आरसीसीबी टिकला, तर दोष गीझरमध्ये. तरीही पडला, तर वायरिंगमध्ये किंवा अन्य उपकरणात.

वीज जाऊ नये म्हणून अर्थिंगची तार सोडवणे किंवा आरसीसीबी वगळणे जिवावर बेतू शकते. गळती तशीच राहते आणि स्नान करणाऱ्याचे शरीरच विजेची जमिनीकडे जाणारी वाट ठरते. एलिमेंट परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावे.