उत्पन्नाची मर्यादा : सरकारी शिष्यवृत्तीच्या पात्रतेचा इतिहास

१/ २९ ऑक्टोबर १९४२. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्याकडे एक निवेदन गेले. लिहिणारे होते त्यांच्याच कार्यकारी मंडळातील मजूर खात्याचे सदस्य, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय होता अस्पृश्य समाजाची गाऱ्हाणी. महाविद्यालयीन शिक्षणासाठी सरकारी मदत मिळवण्याच्या आपल्याकडील इतिहासात या निवेदनाला फार मोठे स्थान आहे.

२/ युक्तिवाद हिशेबाचा होता. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना केंद्र सरकार दरवर्षी प्रत्येकी ३ लाख रुपये देत असे. मग अनुसूचित जातींच्या वाट्याला काय? आंबेडकरांनी देशातील विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी वर्षाला २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख मागितले. हे शिक्षण इतके खर्चिक होते की सरकारी मदतीवाचून ते या समाजाच्या आवाक्यात येणे शक्यच नव्हते.

३/ या मागणीमागे स्वानुभवही होता. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, ते महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. दाता उदार असला, तरी विद्यार्थ्याचे भवितव्य त्याच्या मर्जीवर आणि मुदतीवर अवलंबून राहते. सरकारी तिजोरीतील तरतूद ही त्याहून वेगळी गोष्ट होती.

४/ १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी राज्याने घ्यावी, हे तत्त्व पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४६ मध्ये आले.

५/ दुसरा टप्पा १९५९ चा. यशवंतराव चव्हाण तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फी माफ करण्याची योजना आली. महाराष्ट्राच्या बोलीत तिचे नाव रुळले : 'ईबीसी'. येथे कसोटी जातीची नव्हती, केवळ उत्पन्नाची होती. मर्यादा प्रथम वार्षिक ९०० रुपये होती, पुढे ती १२०० झाली. शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांचे नाव या सवलतीशी कायमचे जोडले गेले.

६/ मात्र उत्पन्न ही कसोटी ठरली, की ते सिद्ध करण्याचा प्रश्न उभा राहतो. नोकरदाराचे उत्पन्न पगारपत्रकावर असते. कोरडवाहू शेतकऱ्याचे किंवा शेतमजुराचे उत्पन्न पावसागणिक बदलते आणि कुठेच लिहिलेले नसते. त्यामुळे अधिकाऱ्याने दिलेला उत्पन्नाचा दाखला निर्णायक झाला. घरातली गरिबी पुरेशी नव्हती. ती कागदावर, मुदतीच्या आत उतरावी लागत होती. तहसीलच्या खेपा आजही याच कारणाने होतात.

७/ दुसरी अडचण आकड्याची. महागाई दरवर्षी वाढते, मर्यादा मात्र शासन निर्णय निघेपर्यंत जागची हलत नाही. मजुरी वाढली, धान्य महागले, की कुटुंब तितकेच गरीब राहूनही कागदावर 'अपात्र' ठरू शकते.

८/ अलीकडचे आकडे पाहावेत. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा २०१३ मध्ये वार्षिक २.५ लाख झाली. २०२० च्या अखेरीस केंद्राने योजनेची फेररचना केली, पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांना मंजुरी दिली आणि ६० टक्के भार स्वतःकडे घेतला. मर्यादा तेव्हाही २.५ लाखच राहिली. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत मात्र २०१६ मध्ये ती ६ लाखांवर आणि त्यानंतर ८ लाखांवर गेली.

९/ २.५ लाखांच्या वर गेलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात फ्रीशिपमधून शुल्कमाफी मिळते, पण निर्वाह भत्ता मिळत नाही. खेड्यातून शहरात आलेल्या मुलाला खोलीभाडे आणि खानावळीचा खर्च फीइतकाच जड जातो.

१०/ म्हणून शिष्यवृत्तीचा इतिहास वाचताना योजनेच्या घोषणेबरोबर तिच्या मर्यादेचे वर्षही पाहावे. १९४२ च्या निवेदनात आंबेडकरांनी सरकारच्या खर्चाचे आकडे सरकारसमोरच ठेवले होते. तीच पद्धत आजच्या आकड्यांनाही लावता येते.