हजेरीची वही आणि रहिवासाचा दाखला

पाथर्डी तालुक्यातील मढी हे कानिफनाथांचे स्थान 'भटक्यांची पंढरी' म्हणून ओळखले जाते. होळी ते गुढीपाडवा या काळात तेथे यात्रा आणि गाढवांचा बाजार भरतो. पूर्वी भटक्या जमातींच्या जातपंचायतीही तेथे बसत. कोण कोणत्या कुळाचा, याचा निवाडा तोंडी होई. जमातीला आपली माणसे ओळखण्यासाठी कागद लागत नव्हता. तो लागला राज्यसंस्थेला.

आधी तो लागला संशयापोटी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा १९११ साली ब्रिटिश हिंदुस्थानभर विस्तारली. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेता येत, ठरल्या वेळी त्याला हजेरी लावावी लागे, मुक्काम हलवायचा तर कळवावे लागे. ज्यांना घर नव्हते त्यांचा पत्ता सरकारदरबारी होता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या.

पुढे शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी यांचे हक्क आले आणि कागदाची दिशा उलटली. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी वाडवडिलांचा रहिवास एका मानीव दिनांकापूर्वीचा दाखवावा लागतो: अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. त्यानंतर परराज्यातून आलेले कुटुंब 'स्थलांतरित' ठरते. येथील सवलती त्याला नाहीत. आंध्रात अनुसूचित जमातीत गणल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याला मुंबईतील वैद्यकीय प्रवेशासाठी ते आरक्षण मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला. याद्या राज्यनिहाय आहेत, एका राज्याच्या वाट्यात दुसऱ्याने शिरू नये, हा त्यामागील युक्तिवाद आम्हाला पोकळ वाटत नाही. परंतु तो स्थिर माणसाला गृहीत धरतो. ज्याचे जगणेच फिरण्यावर, त्याने 'स्थलांतर' नेमके केव्हा केले?

यादीतील शब्द तर अधिकच विलक्षण. फासेपारधी अनुसूचित जमातीत. राजपारधी आणि पालपारधी विमुक्तांत. एका शब्दाने दिनांक बदलतो. विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांतला कैकाडी अनुसूचित जातीत, नगरचा कैकाडी विमुक्त. त्यात जामखेड-कर्जतची शीव ओलांडली की बीड, म्हणजे १९५० साली हैदराबाद राज्य. अलीकडचे दप्तर मुंबई राज्याचे, पलीकडचे निजामी वळणाचे, बरेचसे उर्दूतले. पाल कधी या बाजूला, कधी त्या.

कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांच्या १९८० च्या आत्मकथनाचे नाव 'उपरा' आहे. वर्गात आम्ही ते सामाजिक बहिष्काराच्या अंगाने शिकवतो. त्या शब्दातील प्रशासकीय अर्थाकडे, म्हणजे 'येथला नसलेला' याकडे, आपले फारसे लक्ष जात नाही. २००० सालचा जातप्रमाणपत्र अधिनियम सिद्धतेचा भार अर्जदारावरच टाकतो. त्यामुळे शाळेत न गेलेल्या, सातबारा नसलेल्या आजोबांचा पुरावा नातवाने शोधायचा. तो जेथे असण्याचा संभव आहे अशी एक जागा म्हणजे ठाण्यातील जुनी हजेरीची वही: नाव, मुक्काम, ठसा. ती मिळाली तर अर्जाला जोडायची की नाही, हे त्या नातवालाच ठरवावे लागेल.