टनेलिंग

टनेलिंग : एका प्रोटोकॉलचे अख्खे पॅकेट, हेडरसकट, दुसऱ्या प्रोटोकॉलच्या पॅकेटात भरून पाठवण्याची संगणक-जाळ्यातील पद्धत. वाटेतले राउटर फक्त बाहेरचे हेडर वाचतात. आतले पॅकेट पलीकडच्या टोकाला जसेच्या तसे बाहेर निघते. जीआरई (१९९४), आयपी-इन-आयपी (१९९६), पीपीपीओई व एलटूटीपी (दोन्ही १९९९) हे प्रमुख प्रकार.

मोबाइल जाळ्यात : असा बोगदा (टनेल) रोज वापरला जातो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. अमरावतीहून परतवाड्याच्या एसटीत बसून कोणी व्हिडिओ पाहत असेल, तर वलगावला पोचेपर्यंत फोन वाटेतले टॉवर बदलत जातो, पण त्याचा आयपी पत्ता तोच राहतो. फोनची पॅकेटे टॉवरपासून कंपनीच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जीटीपी प्रोटोकॉलमध्ये भरून नेली जातात. टॉवर बदलला की बोगद्याचे फक्त अलीकडचे टोक हलवतात. बोगद्याच्या प्रत्येक टोकाला ३२ बिटांचा ओळखक्रमांक असतो.

पॅकेटाचा आकार : टनेलिंगची खरी डोकेदुखी इथे आहे, पाठ्यपुस्तके मात्र ती दोन ओळींत उरकतात. इथरनेटवर एका खेपेला १५०० बाइट जातात. बाहेरचे हेडर त्यातच बसवायचे असल्याने आतल्या पॅकेटाला जागा कमी उरते : पीपीपीओईत १४९२, जीआरईत १४७६. जीटीपीत किमान ३६ बाइट खर्ची पडतात. मोठे पॅकेट अडले की राउटरने तसा आयसीएमपी निरोप पाठवायचा असतो. पण अनेक फायरवॉल तोच अडवतात. मग छोटा पिंग जातो, साइटचा पत्ताही सापडतो, आणि पान अर्धवट उघडून फिरत राहते. गावातला केबलवाला राउटर बंद-चालू करून जातो, दोष तसाच. तपासणी सोपी आहे : तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ बाइटचा (हेडर धरून १५००) पिंग पाठवावा. पीपीपीओई जोडणीवर तो अडतो आणि १४६४ चा जातो. टीसीपीपुरता उपाय म्हणजे राउटरवर एमएसएस (टीसीपीच्या एका तुकड्यातील मजकुराची कमाल मर्यादा) १४५२ ला बांधून टाकणे.

आयपीव्ही६ : जुन्या आयपीव्ही४ जाळ्यातून ही नवी पॅकेटे नेण्यासाठी सिक्स-टू-फोर (२००१) व तेरेडो (२००६) निघाले. सिक्स-टू-फोरची सार्वजनिक रिले-व्यवस्था २०१५ मध्ये मोडीत निघाली. जिओने २०१६ पासून थेट आयपीव्ही६ दिल्याने भारतात या बोगद्यांची फारशी गरज उरली नाही.

गुप्तता : जीआरई व आयपी-इन-आयपीत आतला मजकूर उघडाच असतो. पहा : आयपीसेक.

कायदा : सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन, म्हणजे खासगी बोगद्याची, सेवा देणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी ५ वर्षे ठेवणे बंधनकारक झाले. काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. कंपनीने आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी चालवलेले व्हीपीएन यातून वगळल्याचा खुलासा सर्ट-इनने नंतर केला.